फळ्यावरचं चौथं नाव

यंदाही मिरगाच्या आधीचे पंधरा-वीस दिवस आमच्या गावच्या समाजमंदिरात वर्ग भरले. सकाळी लहान पोरांची चित्रं, दुपारी बायकांचं शिवण आणि मेंदी, आणि ऊन जरा कललं की आमच्यासारख्या म्हाताऱ्यांना मोबाईल शिकवायचा वर्ग. शिकवणारी पोरगी गोंदियाहून स्कूटीवर यायची, तोंडाला ओढणी गुंडाळून, नुसते डोळे दिसायचे. पहिल्याच दिवशी म्हणाली, "आजी, सगळ्यात आधी घरच्या माणसांची नावं टाका, मग बाकीचं." माझ्या बाजूला बसलेल्यांनी कोणी लेकाचं टाकलं, कोणी सुनेचं. मी बोट फिरवत फिरवत लिहिलं, पार्वता. पोरगी वाकून पाहते तर नंबरची जागा रिकामी. "आजी, नंबर?" म्हटलं, नंबर नाही बाई तिचा, ती गेली त्याला लई वर्षं झाली. "मग हे नाव कायले ठेवता? कामाचं नाही." मी म्हटलं, राहू दे, घरचंच आहे. ती हसली आणि पुढच्या आजीकडे गेली. मी मात्र तिथंच अडकून बसले, कारण हे असलंच समाजमंदिर, असलेच उन्हाळी वर्ग आणि घरच्या माणसांची नावं, हे सगळं माझं एकदा होऊन गेलेलं आहे.

पार्वता म्हणजे माझी आत्या, बाबांची मोठी बहीण. तरुणपणीच नवरा गेला म्हणून माहेरी परतली आणि मग आमच्या घरात तिचाच शब्द चालायचा. उंच, काटकुळी, कपाळ मोकळं, आणि चालताना पायात काही नाही. मे महिन्यात तापल्या फुफाट्यातून ती अशी चालायची की मलाच चटके बसायचे. बाबा गावात मानाचे. आमची कोहळ्यांची जात तळी बांधणारी, आणि आमच्या गावचं तळं आमच्याच पणजोबांच्या हातचं, असं बाबा प्रत्येक नव्या माणसाला पहिल्या पाच मिनिटांत सांगायचे. तळ्याचं पाणी कोणाच्या धानाच्या बांधीत आधी सोडायचं ते बाबा बघायचे, समाजमंदिराची किल्ली बाबांच्या करगोट्याला असायची. पण घरात आलं की बाबा आत्याच्या पुढे थोरले नव्हतेच. ती "नथ्या" म्हणाली की ते "हो" म्हणायचे. आई तर बोलायचीच नाही. आईचं बोलणं तिच्या हातात होतं. चिडली की वरवंट्याचा आवाज मोठा व्हायचा, एवढंच.

आम्ही दोघी बहिणी. सुमनबाई माझ्याहून चार वर्षांनी मोठी. तिच्याबद्दल काय सांगू. ती अंगणात आली की कोंबड्यासुद्धा तिच्या मागे जायच्या. पोळा झाला आणि त्याच्या पाठोपाठ ती गेली. गोंदियाच्या राईस मिलमधला एक मिस्त्री आमच्याकडे धानाचं यंत्र बसवायला आला होता, छत्तीसगढकडचा, बोलायला हसरा. त्याच्याबरोबर गेली. तिसऱ्या दिवशी आत्यानं आम्हा तिघांना तळ्याच्या घाटावर नेलं आणि तिच्या नावानं आंघोळ करायला लावली. लोक हे बोलायला म्हणून बोलतात, आमच्याकडे ते खरोखर झालं. कपड्यांसकट पाण्यात उतरलो. मग आत्या ओल्या लुगड्यानं पायरीवर उभी राहिली आणि म्हणाली, "आजपासून या घरात ते नाव जिभेवर आनायचं नाही. जो आनन, तो माझं मेलं तोंड पाहीन." बाबांनी मान हलवली, आईनं पदर तोंडात कोंबला. मी पंधरा वर्षांची होते. मीही मान हलवली.

ती गेली आणि दार माझ्या मागे लागलं. माझी शाळा पलीकडच्या गावी होती, ती सुटली. विहिरीवर जायचं तर आत्याबरोबर, परसात जायचं तर आत्या दारात उभी. मी खिडकीत बसले तर "काऊन बसून राहिली तिथं, कोन येऊन राहिलं?" आणि उठले तर "कायले उठली?" मी धानाच्या कणगीसारखी झाले होते, लिंपून बंद केलेली. त्या घरात आवाज तरी किती होते. धान कांडायच्या ढेकीचा धप् धप्, बैलाच्या गळ्यातली घंटी, दुपारी आंब्यावर कोकिळा. मला आजही कोकिळा आवडत नाही. लोकांना त्यात काय गोड वाटतं कोण जाणे, मला ती दुपार आठवते, तीच ती, न सरणारी.

उन्हाळा संपत आला की घरची सगळी बाहेर. पहाटे आई तेंदूपत्ता तोडायला जंगलात, बाबा तळ्याचा गाळ काढणाऱ्यांबरोबर. दुपारपर्यंत घरात मी आणि आत्या. आणि सुमनबाई गेल्यानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात गोंदियाहून एक बाई महिनाभरासाठी आमच्या गावी आल्या. सगळ्या वयाच्या लोकांसाठी वर्ग घ्यायचे म्हणून. आम्ही त्यांना नुसतं बाई म्हणायचो. गोंदियाच्या असल्यामुळे निम्मं बोलणं हिंदी. येताना शिवणाची दोन मशीनं बैलगाडीत घालून आणली होती आणि सोबत एक लाकडी फळा. सकाळी बारक्या पोरांचा वर्ग, दुपारी शिवण, चारला बायकांचं भजन, आणि उजेड असेतो म्हाताऱ्यांना अक्षरं. गावात दवंडी झाली. बाबा म्हणाले, पोरीला पाठवायचं का. मला वाटलं, आता आत्या नाही म्हणेल. ती म्हणाली, "पाठव. चारही वर्गात पाठव. घरी एकटी राह्यन त्यापेक्षा धा जनांच्या डोर्‍यांपुढे राहू दे."

तर असं पाहा, दुसऱ्या पोरी त्या वर्गांना सुटका म्हणून यायच्या. हसायच्या, एकमेकींच्या वेण्या घालायच्या, मशीनचं चाक उलटं फिरवून बाईंच्या शिव्या खायच्या. आणि मी चार वर्गांत चार वेळा कोंडलेली. सकाळी पोरांच्या वर्गात मी नाकं पुसायला, आत्या खांबाला टेकून. दुपारी मी मशीनवर, आत्या दोन हातांवर. भजनात ती पुढे, मी तिच्या पदराजवळ. मधल्या वेळात घरी जाऊन पाणी घातलेला भात, कांदा आणि जवसाची चटणी, तीही तिच्याच समोर बसून. चोरखमारा गावाच्या बाजूनं गरम वारा यायचा आणि समाजमंदिराचे पत्रे कुरकुरायचे. मी पत्र्याच्या भोकातून पडलेला उन्हाचा ठिपका बघत बसायची. तो भिंतीपर्यंत गेला की दुपार संपायची. त्या ठिपक्याला तरी कोणी विचारत नव्हतं, कुठं जाऊन राहिला म्हणून.

म्हाताऱ्यांच्या वर्गात पहिले तीन दिवस आत्या नुसतीच बसली. चौथ्या दिवशी बाई म्हणाल्या, "मावशी, रोज बैठती हो, तो पाटी पकडो ना."

"मले कायले पाटी? मसनात जाऊन कोनाले पत्र लिहू?"

"ये सिंधू है ना, ये सिखाएगी."

असं माझ्याकडे आत्याचं शिकणं आलं. माझ्या जेलरच्या हातात मीच खडू दिला, असं आज म्हणते आणि हसते, तेव्हा हसू येत नव्हतं. तिचा हात धरून अ गिरवून घेताना मला तिची बोटं पहिल्यांदा नीट दिसली. नखांत शेण, तळहाताला घट्टे, आणि ती बोटं पेन्सिल धरायला घाबरत होती. पाटीवर जोर द्यायची, पेन्सिल मोडायची. मोडली की माझ्याकडे अशी बघायची की जणू तांब्याचा हंडा फुटला. मी म्हणायची, हळू आत्या. आयुष्यात पहिल्यांदा मी तिला काही सांगत होते आणि ती ऐकत होती.

बाईंची शिकवायची पद्धत वेगळी होती. पुस्तकातले शब्द त्या घ्यायच्याच नाहीत. म्हणायच्या, ज्याला त्याला आपल्या घरच्या माणसांची नावं लिहायला शिकवायची, बाकी आपोआप येतं. शेवटच्या दिवशी प्रत्येकानं फळ्यावर आपलं घर लिहायचं आणि घरच्याच कोणीतरी ते सगळ्यांपुढे वाचून दाखवायचं, म्हणजे गावाला पटेल की खरंच शिकले. आमच्या वर्गात धोंडूबुवा म्हणून एक म्हातारे होते, त्यांनी पहिल्या आठवड्यात लिहिलं, राजा, सर्जा. बाई म्हणाल्या, "दादा, ये कौन?"

"माझी बैलं."

"घरके लोग लिखो बोला था मैंने."

"बैलं काय शेजारच्या घरची होत का?"

सगळे हसले. एक म्हातारी म्हणाली, "अन् बायकोचं नाव नाही लिहिलं वाटते बुवानं." बुवा म्हणाले, "ती हाकलली तरी जात नाही, तिले लिहून कायले ठेवू." बाईंनाही हसू आवरेना. मग त्या म्हणाल्या की ठीक आहे, घरातलं कोण आणि कोण नाही ते लिहिणारानं ठरवायचं, बाकीच्यांनी बोलायचं नाही. हा नियम झाला. आत्या तेव्हा पाटीवर वाकलेली होती. तिनं मान वर करून एकदा बाईंकडे पाहिलं आणि पुन्हा वाकली.

वर्गाचा शेवटचा आठवडा. मी ब्लाउजची बाही जोडत होते. बाई मशीनजवळ आल्या, कापड सरळ केल्यासारखं केलं आणि हळूच म्हणाल्या, "तेरी दीदी हमारी गली में रहती है. सातवा महीना लगा है. रोती है, कहती है पहला बाळंतपण तो मायके में होता है." सुई माझ्या नखातून गेली. नख अजून वाकडं आहे, बघायला या कोणी, दाखवीन. मी मशीन थांबवलं नाही, रक्त बाहीला पुसलं. दोन हातांवर आत्या बसली होती, पाटी मांडीवर घेऊन 'न' अक्षर गिरवत. मी तिच्याकडे पाहिलं. तिनं मान वर केली नाही. मला वाटलं, ऐकलं नाही, बरं झालं.

त्या रात्री मला अन्न गेलं नाही. आईनं लाखोरीचं वरण केलं होतं, अंबाडीची भाजी होती, मी भात चिवडत बसले. सांगू तर कोणाला सांगू. आईला सांगायचं तर नाव घ्यावं लागेल, आणि नाव घेतलं तर आत्याचं मेलं तोंड. पंधरा वर्षांच्या पोरीला शपथ खरी वाटते हो. मला वाटायचं मी सुमन म्हटलं की आत्या उभ्या उभ्या पडेल. आणि न म्हणावं तर तिकडे सुमनबाई परक्या गल्लीत, भाषा वेगळी, आणि पहिलटकरीण. आमच्याकडे पहिल्या खेपेला लेक माहेरी आलीच पाहिजे, न आली तर लोक विचारतात, आई-बाप मेले काय. म्हणजे दोन्हीकडून कोणाचं तरी मरणच. मी तेव्हा मोजत होते फक्त दिवस. वर्ग संपले की बाई गोंदियाला जाणार, मग निरोप आणणारं कोणी नाही, आणि मिरग लागला की सगळी चिखलात.

शेवटच्या दिवशी समाजमंदिरात पाय ठेवायला जागा नव्हती. पोरांची चित्रं दोरीला टांगलेली, टेबलावर आम्ही शिवलेली झबली आणि ब्लाउज, ताटांत तांदळाचे पापड आणि शेवयांसारखे सरगुंडे. आई मागे बायकांत, पापडाचं ताट धरून उभी. सरपंच खुर्चीवर. पोरांनी गाणं म्हटलं, निम्मी रडली. मग म्हातारे एकेक उठले. धोंडूबुवांनी राजा, सर्जा लिहिलं आणि खाली हळूच तिसरं एक नाव लिहिलं, बायकोचं. त्यांच्या लेकानं ते वाचलं तसा मंदिरात असा गोंधळ झाला की त्यांची म्हातारी उठून घरीच गेली, लाजून. मग आत्याची पाळी.

ती फळ्यापुढे गेली तेव्हा पदर कंबरेला खोचला होता, जणू धानाच्या रोवणीला निघाली. पाठमोरी उभी. खडू कर्रकन वाजला. नथू. खाली भागरथा, म्हणजे माझी आई. खाली सिंधू. माझ्या नावाची पहिली वेलांटी तिनं आधी उलटी काढली, हातानं पुसली, पुन्हा काढली. मला वाटलं झालं. घरात तेवढीच माणसं होती. पण ती हटली नाही. खाली लिहायला लागली. स. उकार. म. मी ओळखलं तेव्हा माझ्या कानात नुसता वारा. न.

अक्षरं मीच शिकवली होती तिला. कोणाच्या नावासाठी कोणतं, ते काही मी लक्षात ठेवलं नव्हतं. ती घरी चुलीपुढे राखेत बोटानं काय गिरवायची तेही मी कधी वाकून पाहिलं नाही.

बाई म्हणाल्या, "मावशी, आपका नाम?"

"माझं कायले. मी लिहून राहिली ना."

घरच्यानं वाचायचं, म्हणून बाबा पुढे आले. बाबा चौथीपर्यंत शिकलेले, गावात त्यांचं वाचन मानाचं. मोठ्यानं वाचलं, "नथू." लोक हसले, स्वतःचंच नाव. "भागरथा." पुन्हा हसले. "सिंधू." आणि थांबले. हसणं एकेक करून थांबलं, जशी पाय काढल्यावर ढेकी थांबते तसं. आमच्या घरी काय झालं ते गावात कोणाला माहीत नव्हतं असं नाही.

सरपंच म्हणाले, "वाचा गा, नथूभाऊ. एक राहिलं."

बाबा म्हणाले, "चष्मा नाही आनला मी."

चष्मा त्यांच्या नाकावर होता. कोणी हसलं नाही. बाई पुढे होऊन वाचायला लागणार, तर आत्यानं हात आडवा धरला. "तुमी नोका वाचू, बाई. हे आमच्या घरचं होय." मग ती वळली. मी पोरींच्या रांगेत भिंतीला चिकटून होते. तिनं मला बरोबर शोधलं, शोधायची तिला सवयच होती. "सिंधे, तुले येते ना वाचता?"

माझ्या मागे भिंत, पुढे सगळं गाव, आणि ज्या बाईनं शपथ घातली तीच बाई मला बोलायला सांगते. मी आयुष्यात कित्येक ठिकाणी अडकले, पुढे सासरी तर विचारूच नका, पण तशी अडकले नाही कधी. मी आत्याच्या तोंडाकडे पाहिलं. ते मेलेलं नव्हतं. घामानं भिजलेलं, गालाला खडू लागलेला, आणि डोळे असे की ती मला हुकूम करत नव्हती, मागत होती. मी वाचलं. आवाज फुटला नाही नीट, पुढच्या रांगेतल्यांनाच ऐकू गेलं असेल. सुमन. मागे कुठंतरी पापडाचं ताट खाली ठेवल्याचा आवाज आला.

आत्या पडली नाही. ती जागेवर येऊन बसली आणि पदरानं मान पुसायला लागली. बाबा कोणाकडे न पाहता बाहेर गेले. कार्यक्रम उरकला, लोक पांगले, आणि मग बाबा परत आले, समाजमंदिराला कुलूप घालायला. बाईंनी फळा पुसायला फडकं घेतलं होतं. बाबा म्हणाले, "राहू द्या, बाई." एवढंच. कुलूप घातलं, किल्ली करगोट्याला बांधली. बाई बसनं गोंदियाला गेल्या, मशीनं तेवढी गाडीत गेली, फळा आत राहिला.

आठ दिवस घरात कोणी त्यावर बोललं नाही. मला वाटलं, एवढं होऊन काही झालंच नाही. आत्या पूर्वीसारखीच माझ्या मागे, परसात गेले की दारात. एवढंच की एका दुपारी आईनं बाबांच्या मळक्या धोतराबरोबर ठेवलेली किल्ली उचलली आणि मला खूण केली. आम्ही दोघी समाजमंदिरात गेलो, झाडायला म्हणून. आत पत्र्यांची धग आणि खडूचा वास. आईला अक्षर येत नव्हतं. ती फळ्यापुढे उभी राहिली आणि मला विचारलं, "कोनतं?" मी दाखवलं, चौथं. तिनं त्यावर बोट ठेवलं. नुसतं ठेवलं, फिरवलं नाही, पुसलं जाईल म्हणून. घरी येऊन ती तांदूळ निवडायला बसली तेव्हा तिच्या बोटाचं टोक पांढरं होतं, आणि तिनं हात धुतला नव्हता.

आता खरं सांगते, उगीच गोड करून सांगत नाही. सुमनबाई घरी आली म्हणून मी सुटले असं झालं नाही. शाळा सुटली ती सुटलीच, पुढच्या वर्षी माझं लग्न झालं, एका दारातून दुसऱ्या दारात. मी आत्यावर पुष्कळ वर्षं रागावलेली होते. अजूनही कधी कधी असते, मोबाईलमध्ये नाव ठेवलं तरी. तिनं एकीला परत आणायला दुसरीची जीभ वापरली, हेही खरं, आणि ते अक्षर तिला मीच शिकवलं, हेही.

नवव्या दिवशी सकाळी मी उठले तर बाबा अंगणात बसलेले. पुढे मागल्या खोलीतली जुनी बाज उलटी टाकलेली, तिची कुजकी दोरी सगळी कापून काढलेली, आणि बाजूला अंबाडीच्या नव्या दोरीचं वेटोळं. आमच्याकडे बाळंतिणीची बाज नव्यानं विणून ठेवतात. आत्या शेणाचा पोहरा घेऊन मागल्या खोलीकडे निघाली होती, सारवायला. बाबांजवळ थांबली आणि अगदी काही माहीत नसल्यासारखी म्हणाली, "कोनासाठी गा, नथ्या?"

बाबांनी मान वर केली नाही. "फळ्यावर लिहिली ना तू," म्हणाले, "तिच्यासाठी." मग दोरीचं टोक माझ्याकडे टाकलं. "सिंधू, ये इकडे. ताणून धर. ढिली राहिली तं तिची कंबर दुखन."